जयगडची जयबाण तोफ: ३५ किलोमीटरचं सोडा, ती ओतली कशी ते बघा

प्रश्न असा होता: "जयपूरला जाऊन आलो, जयगडावर जयबाण तोफ बघितली, गाईड म्हणाला ५० टन वजन आणि ३५ किलोमीटर मारा, एकदाच उडवली, गोळा लांब चाकसू गावाला पडला आणि तिथं तलाव झाला, तोफ उडवणारे जागीच गेले आणि जयपुरातली घरं पडली. यातलं खरं किती? एवढं धूड डोंगरावर चढवलं कसं? आणि हीच तोफ मिर्झाराजे जयसिंग पुरंदरावर घेऊन आले होते का?"

मी इतिहासाचा माणूस नाही हे आधीच सांगतो. कोल्हापुरात फौंड्री लाईनमध्ये ३४ वर्षं झाली, सुरुवात मोल्डिंगला हाताखालचा पोरगा म्हणून केली, नंतर भट्टीवर, आता बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड जाड कास्टिंग करून देतो. त्यामुळं तोफ दिसली की मला राजा दिसत नाही, आधी रायझर, म्हणजे ओतताना वर भरून ठेवायचा जास्तीचा धातू, कुठं ठेवला असेल ते दिसतं. बायको म्हणते तुमच्याबरोबर किल्ला बघणं म्हणजे शिक्षा आहे. असो.

सोपं उत्तर आधी. डोंगरावर चढवली कशी? चढवलीच नाही. वरच ओतली. जयगडावरच तोफांचा कारखाना होता, भट्टी, ओतायचा खड्डा, नळी पोखरायचं यंत्र सगळं गडावर. ते आजही बघायला मिळतं आणि दहातले नऊ लोक तोफेबरोबर फोटो काढून तिथं न जाताच खाली उतरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तोफ ही तिथली दोन नंबरची वस्तू आहे, एक नंबर तो कारखाना आहे. त्यावर पुढं सविस्तर येतोच.

पुरंदरचं पण लगेच उरकून टाकू. नाही. पुरंदरला आलेले ते मिर्झाराजे जयसिंग, पहिले. साल १६६५. जयबाण ओतली १७२० ला, सवाई जयसिंगाच्या काळात, आणि हा सवाई जयसिंग मिर्झाराजांचा खापरपणतू. दोन्ही जयसिंग, दोन्ही आमेरचे (जयपूरच्या आधीची राजधानी), म्हणून आपल्याकडं हमखास घोळ होतो, मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या तोफेकडं रागानंच बघत होतो की हीच ती मुरारबाजींच्या वेळची. मिर्झाराजांनी पुरंदरला मोठ्या तोफा वज्रगडाच्या बाजूनं वर ओढून नेल्या होत्या हे खरं, त्या मात्र वेगळ्या होत्या, माणसांनी आणि जनावरांनी चढावर ओढता येतील अशा. जयबाणसारखं धूड तिथं नेलं असतं तर वेढा संपेपर्यंत ते नर्मदेच्या अलीकडंही आलं नसतं.

आता वजन. इथं मी टेप काढतो.

तोफेची सांगितली जाणारी मापं अशी: नळीची लांबी २०.२ फूट म्हणजे ६.१५ मीटर, तोंडाशी घेर ७.२ फूट, मागच्या बाजूला घेर ९.२ फूट, बोअर म्हणजे आतलं भोक ११ इंच, तोंडाशी धातूची जाडी साडेआठ इंच. ही मापं आपसात जुळतात का ते आधी बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय, ड्रॉइंग आलं की पहिल्यांदा तेच. घेर ७.२ फूट म्हणजे २.२ मीटर, भागिले ३.१४, व्यास ७० सेंटीमीटर. भोक २८ सेंटीमीटर अधिक दोन्ही बाजूला २१.६, झाले ७१. म्हणजे जुळतंय, कुणीतरी नीट मोजलंय, हवेतले आकडे नाहीत. (साडेआठ इंच म्हणजे किती तर वीतभर. तोंडापाशी उभं राहून हाताची वीत टाकून बघा, नळीची भिंतच वीतभर जाड आहे.)

मग याच मापांनी वजन काढू. मागं व्यास ८९, पुढं ७०, सरासरी ८० सेंटीमीटरचा गोल धरला तर क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. गुणिले लांबी, साधारण ३.१ घनमीटर. आतलं भोक वजा करा, उरले २.७ घनमीटर. कांसं धरलं तर घनमीटरला पावणेनऊ टन, म्हणजे २४ टनाच्या आत-बाहेर. बीड धरलं तर २० टन पण होत नाही. वरची नक्षी, कड्या, बाजूचे खुंट धरून अजून टनभर मिळवा. तरी नळी एकटी २५ टनाच्या पुढं जात नाही. मग ५० टन कुठून आलं? गाडा, चाकं, खालचं सगळं लोखंड-लाकूड धरून असेल तर बघा, पण नुसत्या नळीचं वजन ५० टन म्हणून कुणी सांगत असेल तर त्याच्याच बोर्डावरच्या मापांनी ते खोटं पडतं. मी हे तिथं गाईडला सांगायला गेलो, तो म्हणाला "साहब, आप सरकारी आदमी हैं क्या", मग गप बसलो.

आणि हाच हिशोब आपल्या मुलूख-ए-मैदानला लावून बघा, गंमत आहे. विजापूरची ती तोफ ४.४५ मीटर लांब, व्यास दीड मीटर, भोक ७० सेंटीमीटर. लांबीला जयबाणपेक्षा आखूड, पण काढा गणित, सहा घनमीटरच्या वर धातू भरतो आणि मागचा भरीव बुंधा धरला की बरोब्बर ५५ टनाच्या आसपास येतं, म्हणजे जे वजन सांगतात तेच. ती १५४९ ला आपल्या अहमदनगरला ओतलेली, जयबाणच्या १७१ वर्षं आधी. तेव्हा निव्वळ ओतकामाचं वजन बघायचं तर नगरवाल्यांनी जयपूरवाल्यांना आधीच मागं टाकलेलं आहे. जयबाणचा मान आहे तो चाकांवरची सगळ्यात मोठी तोफ म्हणून. पुढची चाकं साडेचार फुटी आहेत, आणि वाहतुकीसाठी वेगळी नऊ फुटी चाकं लावायची सोय होती. मॉस्कोची झार तोफ, १५८६ ची, ३९ टनांची, ती पण आज चाकाच्या गाड्यावर दिसते पण तो गाडा नुसता शोभेचा आहे, फार नंतर बसवलेला.

आता ३५ किलोमीटर. इथं मला थोडं जास्त बोलायचंय, कारण हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन महिन्यांनी येतं आणि खाली "पाठ्यपुस्तकात हे शिकवणार नाहीत" असं लिहिलेलं असतं.

३५ किलोमीटर म्हणजे काय ते समजून घ्या. कारगिलला १९९९ ला आपण ज्या बोफोर्स वापरल्या त्यांचा मारा २४ ते ३० किलोमीटर. आपली आत्ताची धनुष तोफ ३८ किलोमीटर. यांच्या नळीच्या आत आटे असतात, गोळा लांबट टोकदार असतो, तो गरगर फिरत जातो म्हणून हवा कापतो, दारू आधुनिक असते, नळीचं पोलाद वेगळं असतं. आणि १७२० ची गुळगुळीत नळीची, गोल गोळ्याची, काळ्या दारूची तोफ या दोघींच्या मधे बसणार? बसेल का?

हवा नाहीच असं समजा, अगदी चंद्रावर धरा पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीचं ठेवा, तरी ३५ किलोमीटर जायला गोळा नळीतून सेकंदाला ५८५ मीटरच्या वेगानं सुटायला पाहिजे, तेही बरोब्बर ४५ अंशात. काळ्या दारूच्या गुळगुळीत तोफा चांगल्यात चांगल्या ४००-५०० मीटरनं गोळा सोडायच्या. म्हणजे हवा काढून टाकली तरी आकडा जमत नाही. आणि हवा तर आहे. गोल गोळा ही हवेत जाण्यासाठी सगळ्यात रद्दड वस्तू, क्रिकेटचा बॉल बाउंड्रीच्या आत का पडतो ते बघतोच की आपण. गोळा ५० किलोचा आणि दारू १०० किलोची सांगतात. तो ५० किलोचा गोळा ४५० मीटरनं सुटला तर सुटल्या सुटल्या हवाच त्याला गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दहा पट जोरानं मागं खेचते, पहिल्या काही सेकंदांतच अर्धा जीव जातो त्याचा. माझ्या हिशोबानं ५-६ किलोमीटर, फार ताणलं, गडाची उंची धरली तर सात. आणि ते काही कमी नाही हो! १७२० ला सहा किलोमीटरवर ५० किलोचा गोळा जाऊन पडतोय हे ऐकूनच समोरचा माणूस तंबू गुंडाळेल. पण आपल्याला सहा पुरत नाहीत, पस्तीसच पाहिजेत.

गोळ्याचं पण बघा. बोअर २८ सेंटीमीटर. ५० किलोचा भरीव बिडाचा गोळा केला तर त्याचा व्यास येतो साधारण पावणेचोवीस सेंटीमीटर. मग मधे चार सेंटीमीटरचा फरक राहतो, एवढ्या फटीतून निम्मा गॅस बाजूनं निघून जाईल, गोळा नळीत खडखडत जाईल. बोअरला नीट बसणारा बिडाचा गोळा केला तर तो ७० किलोच्या वर जातो, दगडाचा केला तर २७-२८ किलोच भरतो. म्हणजे ५० किलो हा आकडा कुठल्याच भरीव गोळ्याला नीट बसत नाही. एकतर गोळा पोकळ असणार, नाहीतर बाहेरून काही गुंडाळलेलं असणार, नाहीतर ५० हा तसाच तोंडाला आलेला गोल आकडा असणार. मला तिसरं वाटतं. १०० किलो दारू, ५० किलो गोळा, ५० टन वजन, सगळे आकडे कसे गोल गोल आहेत.

१०० किलो दारूबद्दल मात्र मला एक वेगळी शंका आहे. गोळ्याच्या दुप्पट दारू ही रोजच्या माऱ्याची भरणी नव्हे. साधारण गोळ्याच्या वजनाच्या तिसरा हिस्सा ते निम्मी दारू चालायची. १०० किलो काळी दारू २८ सेंटीमीटरच्या नळीत भरली तर सव्वापाच फूट नळी नुसत्या दारूनंच भरते, त्यातली बरीचशी नळीत जळणारच नाही, तोंडातून आगीचा लोट होऊन बाहेर पडेल. पण नवीन तोफ ओतली की पहिल्यांदा मुद्दाम जास्त दारू भरून उडवून बघायची ही पद्धत जगभर होती, फुटायची असेल तर आत्ताच फुटू दे, लढाईत नको. आम्ही पण प्रेशरचं कास्टिंग कस्टमरला द्यायच्या आधी कामाच्या दीडपट प्रेशरला पाण्यावर टेस्ट करतो, तोच हा प्रकार. तर ती एकदाच उडवलेली तोफ म्हणजे अशी चाचणीच असावी असं माझं मत आहे. लढाईत ती कधीच वापरली गेली नाही हे सगळेच मान्य करतात.

तोफ उडवणारे मेले, त्यांच्यासाठी शेजारी पाण्याचं टाकं होतं, बत्ती देऊन त्यात उडी मारायची, वगैरे. बाकी काही सांगता येत नाही पण भीती कशाची होती ते मला कळतं. मोठ्या तोफेपाशी उभं राहणाऱ्याला आवाजाची भीती नंतर, पहिली भीती नळी फुटायची. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० ला स्वतःच्याच तोफेशेजारी उभा होता, ती फुटली आणि राजा गेला. २५ टनाच्या ओतकामात आत कुठं पोकळी राहिली असेल ते बाहेरून दिसत नाही, आज आमच्याकडं अल्ट्रासोनिक आहे, तेव्हा फक्त हातोडी मारून आवाज ऐकायचा. मग मी पण पाण्यात उडी मारली असती, टाकं असो नसो.

घरं पडल्याचं तर सोडूनच द्या. तोफ १७२० ची. जयपूर शहराची पायाभरणी १७२७ ला. जे शहर अजून कागदावर पण नाही त्यातली घरं कशी पडणार?

आणि चाकसूचा तलाव. समजा गोळा खरंच सुटला त्याच वेगानं जाऊन चाकसूच्या जमिनीत घुसला, ५० किलो, सेकंदाला ६०० मीटर, तर त्यातली सगळी ताकद मिळून साधारण दोन-सव्वादोन किलो टीएनटीएवढी. आमच्याकडं विहिरीच्या खोदाईत एका वेळच्या सुरुंगाला याच्याहून जास्त माल उडवतात, आणि तरी विहीर खणायला दोन उन्हाळे जातात. तलाव होत असता तर शेतकऱ्यानं तोफच भाड्यानं आणली असती.

बरं, आता मुद्द्याचं. एवढा सगळा कचरा बाजूला काढला की खाली जे उरतं ते माझ्या मते जास्त मोठं आहे.

एका वेळी २४-२५ टन धातू ओतणे. हे वाक्य फौंड्रीवाल्याला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. आमच्या एमआयडीसीत बहुतेकांच्या भट्ट्या पाचशे किलो, एक टन, दोन टनाच्या. माझ्याकडं सात टनाचं एक कास्टिंग आलं होतं तर तीन भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून, दोन क्रेन, दोन लेडल (वितळलेला धातू ओतायची मोठी भांडी), आणि सगळी पोरं घाम गाळत, आणि मी मोजत होतो सेकंद. कारण ओतताना धार तुटली की संपलं. अर्धा धातू आत गेलाय, त्याच्यावर पातळ साय धरलीय, मागून आलेला धातू त्याला चिकटत नाही, नुसता वर बसतो, दिसायला एकसंध पण आत शिवण राहते, आम्ही त्याला कोल्डशट म्हणतो. पंपाच्या बॉडीत असली शिवण आली तर पाणी गळतं, तोफेत आली तर तोफच्याचं डोकं जातं.

आणि ओल. नवीन होतो तेव्हा एका ठिकाणी कामाला होतो, पावसाळ्याचे दिवस, खड्ड्यात मोल्ड लावलेला, मालकाला डिस्पॅचची घाई, खड्ड्याच्या तळाला ओल आहे म्हणून जुना मिस्त्री सांगत होता, ऐकलं नाही कुणी. ओतायला सुरुवात केली आणि मोल्डच्या आत घरघर आवाज यायला लागला, जसं मोठ्या पातेल्यात दूध उतू जायच्या आधी होतं तसं, आणि मग धातू रायझरमधून वर उडाला, पत्र्याला जाऊन लागला. माझ्या डाव्या मनगटावर अजून वाटाण्याएवढे तीन डाग आहेत. तो दीड टन होता. जयगडावर त्याच्या पंधरा पट धातू, खड्ड्यात, माणसं कडेला उभी.

साधारण पद्धत अशी असते. तोफेच्या आकाराचा मातीचा साचा करायचा, माती, शेण, केस-तूस असलं मिसळून थर चढवायचे, प्रत्येक थर वाळवायचा, नक्षी मेणात करून चिकटवायची, मग बाहेरचा जाड साचा, लोखंडी पट्ट्यांनी आवळायचा, आत आग लावून भाजायचा, मेण गळून जातं. जयबाणच्या तोंडाशी हत्ती आहे, मधे मोरांची जोडी, मागं बदकांची जोडी. लोक त्याला कोरीव काम म्हणतात. कडा जवळून बघा, पिसांच्या रेषा गोलसर आहेत, छिन्नीच्या धारदार नाहीत. मला तरी ते मेणातून आलेलं वाटलं, म्हणजे पाखरं तोफेबरोबरच जन्मली.

मग तो साचा खड्ड्यात उभा पुरायचा, बुंधा खाली, तोंड वर. का? कारण खाली धातूचा भार पडतो, तिथं ओतकाम घट्ट येतं, आणि दारूचा सगळा धक्का बुंध्यालाच बसतो. वरती तोंडाच्या पुढं अजून हात-दोन हात जास्तीचा धातू भरून ठेवायचा, थंड होताना नळी आकसते तेव्हा तो जास्तीचा धातू खाली उतरून पोकळी भरतो आणि सगळा गाळ, बुडबुडे, स्लॅग म्हणजे धातूवरची मळी त्या वरच्या तुकड्यात गोळा होतो, तो नंतर कापून टाकायचा. आजच्या भाषेत रायझर. कम्प्युटरवर सिम्युलेशन करून आम्ही तेच करतो, फक्त बिल जास्त येतं.

जयगडच्या भट्टीची खुबी म्हणजे हवा. गड चीलच्या टेकडीवर, आमेरच्या डोक्यावर, वारा बारमाही. डोंगरावरचा वारा बोगद्यासारख्या वाटेनं ओढून थेट भट्टीत घ्यायचा, असं सांगतात की त्यातून १३०० अंशाच्या वर उष्णता मिळायची. कांसं हजार अंशाच्या आसपास वितळतं, बीड साडेअकराशेच्या वर, ओतायला त्याच्यावर अजून शंभर-दोनशे अंश हातात लागतात नाहीतर साच्यात पोचेपर्यंत रबडी होते. म्हणजे आकडा बसतोय. आम्ही ब्लोअरचं लाईट बिल भरतो, त्यांनी डोंगराचाच ब्लोअर केला. लोखंडाच्या खाणी पण आसपास होत्या, म्हणून कारखाना तिथं. माल जवळ, वारा फुकट, आणि शत्रू वर यायच्या आधी दिसतो. एमआयडीसीला जागा निवडणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं.

आणि बोअरिंगचं यंत्र. यासाठी मी दोनदा गेलो जयगडावर. बैलांच्या चार जोड्या गोल फिरायच्या, त्यांची फेरी दातऱ्या चाकांतून कटरला मिळायची आणि कटर नळीच्या आत फिरायचा. ऐकायला उसाच्या चरकासारखं आहे ना? पण चरकात रस निघाला की झालं, इथं वीस फूट लांब भोक सरळ जायला पाहिजे. मधे सुताएवढं वाकडं गेलं तर एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ, आणि फुटायची तर तिथंच फुटणार. नळी भरीव ओतून सगळं भोक पोखरायचं म्हटलं तर तीन टन धातूचा कीस काढावा लागतो, गाभा ठेवून ओतली तरी आतून सारखं करायला हे यंत्र लागतंच. बैल थकले की जोडी बदलायची, कटर बोथट झाला की बाहेर काढून घासायचा, परत घालायचा, आणि परत घालताना तो आधीच्याच रेषेत बसला पाहिजे. तेवढ्यासाठी आजचा ऑपरेटर अर्धा दिवस खातो, तोही डायल लावून. त्याच सुमाराला, १७१३ च्या पुढं, स्वित्झर्लंडमध्ये योहान मारिट्झ तोफा भरीव ओतून पोखरायचं यंत्र करत होता आणि युरोपात त्याचं केवढं नाव झालं. पुढं १७९८ ला रम्फर्ड या शास्त्रज्ञानं म्युनिकच्या तोफखान्यात घोड्यांनी चालणारं असलंच यंत्र बघून उष्णता म्हणजे काय यावर निबंध लिहिला, आपण शाळेत वाचलेलं. जयगडच्या बैलांमागं वही घेऊन कुणी बसलं नाही, एवढाच फरक.

सवाई जयसिंग हा मापाचा माणूस होता हे लक्षात ठेवलं की तोफेचं पण कोडं थोडं सुटतं. जंतरमंतरवाला तोच. पितळेची छोटी यंत्रं नको, त्यांचा आस झिजतो, मधला बिंदू सरकतो, माप चुकतं, म्हणून दगड-चुन्याची अवाढव्य यंत्रं बांधायची, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. कुठल्याही टर्नरला विचारा, बेअरिंग झिजलं की काय होतं ते. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीवरचं घड्याळ, २७ मीटर उंच आहे. असल्या माणसाच्या कारखान्यात वीस फुटी तोफ निघाली याचं मला नवल वाटत नाही, आणि नळी वरखाली करायला तिला स्क्रू आहे याचं तर अजिबात नाही.

उपयोग काय झाला? लढाईत शून्य. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर जयपूरवर चालून आले, त्या धास्तीनं सवाई जयसिंगाचा मुलगा ईश्वरीसिंगानं जीव दिला, आणि तोफ वर गडावर तीस वर्षं जुनी, तयार, गप्प. मराठे दाराशी येऊन उभे राहिले तरी ती उडाली नाही. एवढी मोठी तोफ फिरवायची, भरायची, नेम धरायचा म्हणजे अर्धा दिवस, तोवर घोडदळ तिच्या खालून जेवून निघून जातं. ती दाखवायची वस्तू होती, आणि दिल्लीचा दरबार बघत होता तोवर तिनं ते काम चोख केलं असणार.

जाणार असाल तर डुंगर दरवाज्याच्या बाजूनं वर जा, तोफ तिकडंच आहे, शेडखाली. पण आधी कारखाना बघा आणि मग तोफेकडं या, उलटं केलं तर पाय दुखतात म्हणून कारखाना राहतो, माझ्या मेहुण्याचा राहिला. पाण्याची टाकी पण बघा, सगळ्यात मोठं साठ लाख गॅलनचं. आणीबाणीत खजिना शोधायला सरकारनं गड उकरला होता तो वेगळा किस्सा, सापडलं काही नाही.

आणि एक करा, खिशात सुतळी ठेवा. जंजिऱ्याची कलालबांगडी असो, दौलताबादची मेंढा तोफ असो, तोंडाशी घेर, बुंध्याशी घेर, लांबी आणि भोक, एवढी चारच मापं घ्या, सुतळीला गाठी मारून घेतली तरी चालतील. हात लावायला मनाई असेल तिथं लावू नका, वॉचमनला विचारा. मापं इथं टाका, नळीचं वजन मी काढून देतो.